‘पिंग ओके’चा अर्थ

ते प्रकरण आजही माझ्या मनातून जात नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. न्हावा शेवाजवळच्या एका खासगी गोदामातून भरलेला कंटेनर गायब झाल्याची तक्रार आली होती आणि तपास माझ्याकडे होता. मोबाइल तेव्हा मोजक्यांकडे होते, पेजर मात्र बऱ्याच जणांच्या पट्ट्याला दिसायचे. फोन करून ऑपरेटरला निरोप सांगायचा, तो समोरच्याच्या पेजरवर अक्षरांत उमटायचा.

वाशीच्या पेजर केंद्रातून खबर आली. त्या गोदामातल्या एका माणसाला एक बाई रोज एकच निरोप पाठवते : ‘पिंग ओके, लिंक अप.’ ऑपरेटरला हा चोरांचा संकेत वाटला. मलाही वाटला.

माणूस तिशीचा, रायगडच्या किनाऱ्याकडच्या मुसलमान कुटुंबातला. गोदामातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडण्याचं काम करायचा. दुपारी त्याला पोलीस ठाण्यात बोलावलं, पेजर काढून टेबलावर ठेवायला लावला. लॅन म्हणजे काय, मोडेम कशाला लागतो, सगळं त्याने नीट सांगितलं. पिंग म्हणजे एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला ‘आहेस का’ असं विचारायचं. उत्तर आलं की जोडणी शाबूत, म्हणजे लिंक अप. मग ही बाई कोण, तिच्याकडे कुठला कॉम्प्युटर, असं विचारलं की मान खाली. दरडावून पाहिलं, चहा पाजून पाहिलं. चोरीबद्दल विचारलं तर माझ्या डोळ्यांत बघून नाही म्हणायचा, बाईचा विषय निघाला की गप्प.

तेवढ्यात पेजर वाजला. मी वाचलं : ‘नो पिंग.’ त्याच्यापुढे धरला, तर त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“साहेब, मला घरी जाऊ द्या. पाहिजे तर बेडी घालून न्या,” तो म्हणाला. “ती माझी बायको हाय. बाळ पोटात हललं की पिंग ओके. आज हललं नाही.”

आधी दोनदा गर्भ गेला होता. म्हणून या वेळी त्यांनी कोणालाच कळू दिलं नव्हतं, गावी राहणाऱ्या त्याच्या आईलाही नाही. अनोळखी ऑपरेटरला असं कसं सांगायचं, म्हणून त्याने बायकोला आपल्या कामातले शब्द शिकवले होते. कोणाला सांगणार नाही, असा तिला शब्द दिला होता.

मी जीप काढायला लावली, सोबत एक महिला कॉन्स्टेबल घेतली. दारात पोलीस बघून त्याची बायको घाबरली, पण कॉन्स्टेबलने हात धरून तिला जीपमध्ये बसवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी नवऱ्यालाही आत बोलावलं. मी बाहेर उभा राहिलो. बऱ्याच वेळाने तो आला आणि त्याने माझे दोन्ही हात धरले.

“ठोके ऐकले, साहेब. उत्तर आलं.”

निघताना त्याच्या बायकोने एवढंच मागितलं, की हे कुठे लिहू नका, दिवस पुरे भरू द्या. मी अहवालात लिहिलं, ‘निरोपांचा गुन्ह्याशी संबंध नाही, स्वतः खात्री केली.’ कंटेनर पुढे शेजारच्याच आवारात सापडला. क्रमांक चुकीचा नोंदवला गेला होता.

गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे मी नोकरीत शिकलो होतो. तो काहीतरी जपतही असू शकतो, हे त्या दुपारी शिकलो. काही महिन्यांनी तो ठाण्यात आला, मुलगी झाली म्हणाला. त्या संध्याकाळी ही हकिगत मी पहिल्यांदा माझ्या बायकोला सांगितली.