वाळवंटात आईची चतुर्थी

आई-बाबा सिंगापूरला आमच्याकडे तीन महिने राहून परत निघाले, तेव्हा वाटेत दुबईला एक दिवस थांबवायची कल्पना माझीच. वाट वाकडी होत होती, पण बाबांना वाळवंट बघायचं होतं. मी गाडी-ड्रायव्हरसकट अख्खा दिवस बुक केला: तंबूत न्याहारी, गाडीतून वाळूच्या टेकड्या, उंटावरून फेरी, फळीवर बसून घसरणं आणि शेवटी गालिच्यावर अरबी जेवण. सत्तरीच्या माणसांना फळीवरून घसरायला पाठवणारा मुलगा म्हणून बायकोने माझं कौतुकही केलं.

त्या दिवशी दुपारी सिंगापुरात पाया लेबारला, ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत जेवायला बसलो होतो. आमच्या टीममध्ये नाशिकची एक मुलगी होती. तिने नुसती पपई घेतली. डाएट का, म्हणून मी तिला चिडवायला लागलो, तर म्हणाली, आज संकष्टी आहे.

माझा घास तोंडातच राहिला. आईची संकष्टी माझ्या जन्मापासून चुकलेली नाही. म्हणजे आज तिचा उपवास. आणि उपवासाचे लाडू मोठ्या बॅगेत, ती बॅग सिंगापूरहून परस्पर पुण्याला गेलेली.

एवढ्याने मी घाबरलो नसतो. पण दीड महिन्यापूर्वी तिची साखर वाढली म्हणून बिशानच्या क्लिनिकमध्ये नेलं होतं. डॉक्टरांनी नवी गोळी दिली आणि मला दोनदा सांगितलं, खाल्ल्यावरच घ्यायची, उपाशीपोटी साखर एकदम उतरेल. आईला गोळ्या चुकवायची सवय. मी तिला मराठीत सांगताना एवढंच सांगितलं की रोज सकाळी आठ म्हणजे आठ, काही झालं तरी चुकवायची नाही. तिच्या फोनवर गजर लावून दिला. घरी आठला ती खाऊन बसलेलीच असायची, मधल्या चतुर्थीलाही साबुदाण्याची खिचडी होती. अर्धं वाक्य मी गिळलं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पावणेएक वाजले होते. दुबईत पावणेनऊ. गोळी पोटात गेली होती.

आईचा फोन बंद. बाबांचाही बंद. मेसेज केला, त्यावर एकच राखाडी खूण. बुकिंगच्या कागदावरच्या नंबरवर लावला. एक बाई गोड आवाजात म्हणाली, गाडी टेकड्यांवर गेली आहे, तिथे रेंज नसते. इमर्जन्सी आहे का? मी म्हणालो, नाही, तसं काही नाही. आपल्यामुळे लोकांची धावपळ नको, हे वळण इतकं हाडीमाशी खिळलेलं की अशा वेळीही मी असं बोललो! फोन ठेवला, स्वतःला शिव्या घातल्या, परत लावला आणि सगळं सांगितलं. तिने निरोप पोचवायचा प्रयत्न करते म्हटलं.

दोन वाजता मीटिंग होती. मी आत जाऊन बसलो. टेबलाखाली फोनवर साखर उतरल्याची लक्षणं वाचत होतो: घाम, थरथर, बरळणं, शुद्ध जाणं. त्याच्या पुढचं वाचलं नाही. मला आई वाळूत पडलेली दिसत होती आणि शेजारी बाबा, काय करावं न कळून उभे. तिला मी मारलं, असं माझ्या मनात स्पष्ट शब्दांत आलं.

सव्वातीनला बाबांचा फोन आला. मी पॅन्ट्रीकडे पळालो. आधी ते म्हणाले, आई बरी आहे, घाबरू नकोस. मग सांगितलं. तंबूतल्या न्याहारीत तिला चालण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या टेकडीवर तिला दरदरून घाम फुटला. बाबांना वाटलं, गाडी लागली. पण ड्रायव्हर पेशावरचा. त्याने गाडी थांबवून विचारलं, ‘अम्मा का रोज़ा है क्या?’ बाबा हो म्हणाले. त्याने खजूर पुढे केला, तर आईने हात झटकला. चंद्र उगवला नाही म्हणाली.

इथे मला खरी धडकी भरली. कुणाच्या उपवासाला काय चालतं हे सोसायटीतल्या बायका आईला विचारायला यायच्या. खजूर चालतो, हे ती विसरली होती.

तो माणूस तिच्यासमोर वाळूत मांडी घालून बसला. ‘अम्मा, सफ़र में छूट होती है.’ नवऱ्याचं ऐकत नव्हती, त्याचं तिने ऐकलं. पाच खजूर खाल्ले, वर साखर घातलेला चहा प्यायली. अर्ध्या तासाने बाबांना चष्मा नीट लावा म्हणाली, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला.

बाबांनी फोन आईकडे दिला. आवाज थकलेला होता, पण तिचाच होता. काही खाल्लं नव्हतंस तर गोळी का घेतलीस, असं मी विचारलं.

‘अरे, गोळी हातात घेऊन किती वेळ बसले होते. हे म्हणत होते, त्याला फोन करून विचार. मीच नको म्हटलं. तू ऑफिसात असशील, ओरडशील.’

मागे कुणीतरी कॉफीचं मशीन लावलं.

‘रागावलास का?’ आईने विचारलं.