खिळ्यावरची चावी

"काय रे, नळ गळून राहिला का तुझा?"

मेडिकलच्या काउंटरसमोर पाच गिऱ्हाइकं उभी होती. शेठ गल्ल्यावरून बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. माझी पँट पुढून ओली होती. गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. आजही तेच खुपतं. मीही हसलो.

दहा मिनिटांपूर्वी मी दुकानामागच्या संडासाची चावी मागितली होती. ती शेठच्या डोक्यामागं खिळ्याला लटकलेली असायची. शेठ म्हणाले, "तो घरच्यांसाठी हाय. तू स्टँडवर जा." मी सेनगावच्या एसटी स्टँडकडं पळालो. मला शुगर आहे, दम धरवत नाही. पोचलो नाही.

बावीस वर्षं मी त्या दुकानात आहे. कुठल्याही डॉक्टरचं अक्षर वाचतो. औषध कंपन्यांची माणसं बॅगा घेऊन येतात, त्यांना चावी मिळते. मला नाही. माझं आडनाव ऐकलं की बौद्धवाड्यातला आहे हे इथं लगेच कळतं. माझ्या हातची गोळी गावाच्या जिभेला चालत होती. माझं बूड त्या भांड्याला चालत नव्हतं.

मग शेठची सून दुकानात बसू लागली. फार्मसी शिकलेली. पहिल्याच दिवशी उठली, खिळ्यावरून चावी काढली, मागं गेली. कुणाला विचारलं नाही. मी बाटल्या पुसत होतो. इतका हेवा मी जन्मात कुणाचा केला नव्हता.

पुढं हिंगोलीला एक दिवसाचं ट्रेनिंग निघालं. ज्यांना लघवी आवरत नाही अशा गिऱ्हाइकांशी कसं बोलायचं, काय द्यायचं, डॉक्टरकडं कधी पाठवायचं. दर दुकानातून एकजण. मी शर्टाला इस्त्री करून ठेवली. शेठ म्हणाले, "तुला काय शिकवायचं? तुला तर येतंच." सून गेली.

प्रश्नांचा एक कागद घेऊन आली. गिऱ्हाइकाला फ्रीजच्या आडोशाला नेऊन हळू विचारायची. मलाही 'काका' म्हणायची. त्यामुळं जास्तच जळायचो. बाया तिलाच शोधू लागल्या. "वहिनी न्हाईत का? मग येते मागून." ते 'मागून' मला लागायचं.

एका दुपारी ती जेवायला गेली होती. शिलाईकाम करणाऱ्या मुसलमान घरातली म्हातारी आली. तिला सगळे खाला म्हणतात. "मोठ्या लेकराचं दे," म्हणाली. मोठ्या माणसाचा डायपर आमच्याकडं कुणी नाव घेऊन मागत नाही. सगळे 'मोठ्या लेकराचं' म्हणतात, आणि आपण मुकाट्यानं काढून द्यायचं. मला ते माहीत होतं. तरी ओरडलो, "किती मोठं लेकरू, खाला? दाढी आली का त्याला?"

दुकान हसलं. शेठ सगळ्यांत मोठ्यानं. त्यांनी मला त्यांच्या हसण्यात घेतलं म्हणून क्षणभर बरंही वाटलं. खालानं ओढणी मागून खाली ओढली आणि रिकाम्या हातानं गेली. ते लेकरू तीच होती. ओला कपडा कसा झाकतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तरी मी हसवलं.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली, सून आहे हे बघून. दोघी आडोशाला. मी खोकी लावायचं निमित्त करून कान दिला. हेव्यानंच. सुनेनं कागदावरचं विचारलं, "संडास किती लांब पडतो? वेळेवर जायला मिळतं का?"

"घरी हाय बेटी. बाजारात कुठं? म्हणून बाजारच सोडला."

मला हे आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. माझं उत्तर समोर खिळ्याला लटकत होतं. अर्धं दुखणं शुगरचं, अर्धं त्या खिळ्याचं.

खाला चुळबुळली. "आताच जावं लागन."

सुनेनं सासऱ्याकडं पाहिलं. "बाबा, चावी..."

"स्टँड काय लांब हाय?"

सूनबाई खाली बघू लागली. कागद हातातच.

मी गल्ल्यामागं गेलो आणि चावी काढली.

"काहून रे? कुणाला विचारून?"

"कागदावर लिव्हलंय, शेठ. वाचा."

खाला जाऊन आली. मी म्हणालो, "खाला, त्या दिवशी मी..." ती थांबली नाही. सुनेकडून डायपरचं पुडकं घेतलं, माझ्याकडं न बघता पायऱ्या उतरली. माफी मिळाली नाही. मिळू नये.

मग मी गेलो. कडी लावली. एक बादली, एक मग्गा, भिंतीचा पोपडा उडालेला. एवढ्याशा खोलीसाठी बावीस वर्षं.

बाहेर येऊन मी काउंटरच्या गिऱ्हाइकांकडच्या बाजूला नवा खिळा ठोकला. चावी तिथं अडकवली. शेठ म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

उद्या मी जाणार आहे. चावी तिथून हलली असेल तर काउंटरमागं जाणार नाही. गिऱ्हाइकांत उभा राहीन. माझा नंबर आला की सगळ्यांसमोर मोठ्यानं चावी मागीन. मोठ्या लेकरासाठी म्हणून नाही. माझ्यासाठी म्हणून. आणि या वेळी कुणी हसलं तर मी हसणार नाही.