स्ट्रेचरवरून हजर

पुराच्या ड्युटीवर आमची प्लाटून गेली तेव्हा मी लान्स नाईक म्हात्रे. पेणचा, धरमतर खाडीकाठचा. बाप मिठागरात राबायचा. जोडीदार नाईक महादू शिर्के रोह्याकडचा, भात-वालाच्या शेतीतला. तो मला ‘खारा’ म्हणायचा, मी त्याला ‘वालाची शेंग’.

फौजेत दोराच्या गाठी ठरलेल्या असतात. पण खाडीवर होडी बांधायची गाठ मी शिर्केला शिकवली होती. ताण पडला की ती आणखी आवळते. त्या दिवशी नदीवर आडवा दोर टाकून, त्याला धरून बोट न्यायची होती. सकाळी साडेसातला शिर्केने काठावरच्या लोखंडी खुंट्याला तीच गाठ मारली. नियमात बसत नव्हती, पण आमचा दोघांचा तिच्यावर भलता विश्वास!

आठ चाळीसला, तिसऱ्या फेरीत, दोर गेला आणि बोट उलटली. शिर्केने एका म्हातारीला झाडाच्या फांदीपर्यंत पोचवलं आणि स्वतः वाहून गेला. माझा पाय मोडला.

पाचव्या दिवशी दोर-सामान सांभाळणारा स्टोअर हवालदार हॉस्पिटलात कागद घेऊन आला. दुसऱ्या दिवशी नऊला कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे अपघाताची फौजी चौकशी, बसणार होती.

“म्हात्रे, सही कर. हजर राहायची इच्छा नाही, एवढंच लिहिलंय.”

“आणि दोर का गेला?”

“गाठ सुटली. शिर्केने नियमाबाहेरची मारली. तुझं नाव येत नाही. मेलेल्याला काय फरक पडतो?”

माझं टाळकंच सरकलं. मला फरक पडत होता! गाठ शिकवणारा मी. ज्याच्या नावाला बट्टा लागेल त्याला चौकशीत पहिल्यापासून शेवटपर्यंत बसू द्यायचं, साक्षीदाराला प्रश्न विचारू द्यायचे, हा फौजेचा लेखी नियम. शिर्के आता बसू शकत नव्हता. मी कागद परत केला.

“मी हाय ना अजून. मी येणार.”

सुभेदार साहेबांना निरोप धाडला. सकाळी आठ पन्नासला चौघांनी मला स्ट्रेचरवरून चौकशीच्या तंबूत नेलं.

अध्यक्ष मेजर साहेब माझ्याकडे बघतच राहिले. “झोपून प्रश्न विचारणार?”

“तोंडाला प्लास्टर नाही, साहेब.”

हवालदाराने साक्ष दिली, गाठ सुटली. मी विचारलं, “तुम्ही पाहिली?”

“दोर गेला, म्हणजे सुटलीच.”

“दोर कुठे आहे?”

कोपऱ्यातल्या गोणीत होता. पाच दिवसांत कोणी ती उघडली नव्हती. साहेबांनी उघडायला लावली. खुंट्यासकट दोर बाहेर आला. खुंट्यावर गाठ होती, दगडासारखी आवळलेली. दोर तिच्यापुढे दोन हातांवर तुटला होता. साहेबांनी तुटकं टोक चिमटीत चोळलं, त्याचा भुगा झाला. दोर स्टोअरमध्येच कुजला होता.

“गाठ कोणाची?”

“मारली नाईक शिर्केने, शिकवली मी. नियमाबाहेरची आहे, तेही लिहा साहेब.”

दोन्ही लिहिलं गेलं. नंतर मला कडक समज मिळाली, ती मी आनंदाने घेतली.

प्लास्टर निघाल्यावर रोह्याला गेलो. ‘पोराचीच चूक’ ही बातमी माझ्याआधी गावात पोचली होती. शिर्केचे वडील अंगणात वाल निवडत होते. मी सगळं सांगितलं.

“तू सोता व्हतास तिथं?”

“व्हय बाबा. शेवटपर्यंत.”

ते उठले, गोठ्यातून दावं आणलं. “मारून दाव.”

मी खांबाला गाठ मारली. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी, पाय रोवून ओढली. सुटली नाही.

“माज्या महादूची,” म्हणाले, आणि तिच्यावर हात ठेवून तिथंच बसले.