तान्ह्या पोळ्याच्या झुली

घरून धंदा करणाऱ्या बाईकडे माल कमी आणि किस्से जास्त साठतात. माल निदान विकला तरी जातो! किस्से घरातच पडून राहतात, म्हणून आज थोडे तुमच्याकडे ढकलते.

धंदा साधाच. आमच्या वऱ्हाडात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडाचे नंदीबैल सजवून मिरवतात. त्या नंदीच्या पाठीवर घालायच्या झुली मी शिवते. अकोल्याला आमच्या हॉलच्या कोपऱ्यात माझी मशीन आहे. मुलगी झाली तेव्हा शाळेतली नोकरी सोडली, पण हात काही स्वस्थ बसेनात. हे काम मला टिकवायचंच होतं आणि घरात कुणीतरी त्याला 'काम' म्हणावं, असा हट्टही होता. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड निघाली!

* * *

सासूबाई आल्या-गेल्याला सांगायच्या, "सून काई करत नाई." हे त्यांना ओरडून सांगावं लागायचं, कारण माझी मशीन चालू असायची!

एकदा शेजारच्या काकूंनी विचारलंच, "मंग हे काय शिवून राहिली वो ते?"

"टाइमपास," सासूबाई म्हणाल्या.

मला राग आला. मी पायडल आणखी जोरात मारलं.

* * *

मग 'तान्ह्या पोळ्यासाठी' असं लिहून झुलींचे फोटो मोबाइलवर टाकायला लागले. पुण्याच्या एका बाईंचा मेसेज आला, "तान्ह्यासाठीच आहे ना? कापड मऊ आहे का? रॅश नको यायला."

नंदीला कसली आलीय रॅश? पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. मी लिहिलं, "आतून मऊ अस्तर आहे."

पार्सल पोचलं आणि तिकडून फोटो आला. पालथं पडलेलं गुटगुटीत बाळ, पाठीवर लाल मखमलीची झूल, दोन्ही बाजूंना गोंडे! खाली लिहिलं होतं, "सो क्यूट! पण बटणं कुठे आहेत?"

मी फोन करून तान्हा पोळा म्हणजे काय ते समजावलं. बाई पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "मग आता नंदी पण पाठवा!"

दुसऱ्याच दिवशी मी सुताराकडे गेले. तेव्हापासून नंदीही विकते.

* * *

मूर्तिजापूरकडच्या एका शेतकरीदादांचा फोन आला. "ताई, बैलजोडीच्या झुली पायजे. भाव काय?"

मी सांगितला.

"एवढ्या स्वस्त? मंग द्या ना बाप्पा!"

दादा घ्यायला घरी आले. मी पाकीट हातात दिलं, तर ते माझ्या मागे बघायला लागले. त्यांना वाटलं, गठ्ठा आत असेल. मग पाकीट उघडून म्हणाले, "ताई, हे त माह्या बैलाच्या कानाले बी पुरत नाई!"

आमचे हे सोफ्यावर लोळून हसले. मला क्षणभर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी टेप उचलली. "मोठ्या शिवून देते. बैलाचं माप आणलं?"

"बैलच आणला असता, पण बसमध्ये घेत नाईत!"

शेवटी त्यांनी दोरीने माप घेऊन ती दोरी पाठवली. झुलीचं कापड पसरल्यावर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. आमचे हे कडेकडेने भिंतीला घासत ऑफिसला गेले, पण हसले नाहीत.

* * *

यंदा पोळा तोंडावर आला आणि ऑर्डरींचा ढीग लागला. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. "तुह्या गोंड्यात दम नाई, आन इकडे," म्हणाल्या आणि रोज गोंडे करायला लागल्या.

तेवढ्यात अमरावतीहून त्यांच्या भावाचा फोन आला. घरी सत्यनारायण होता. माहेरचं नाव निघालं की सासूबाईंची बॅग आधी भरलेली असते!

"नाई जमत रे दादा. ड्यूटी आहे."

मामा तिकडून बराच वेळ काहीतरी बोलत होते. सासूबाईंनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"मॅडम, हाफ डे भेटन काय?"

"पोळ्याच्या हप्त्यात नाही," मी म्हणाले.

त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला.

"दादा, मॅडम नाई म्हणून राहिली!"