ठोकलं की चालतं

माझा नवरा बोटींच्या इंजिनांचा मिस्त्री. बंद पडलेलं इंजिन त्याचा नुसता आवाज ऐकून घाबरतं आणि चालू होतं, असं धक्क्यावरचे लोक म्हणायचे. मी सोळा वर्षं त्याच्याच दुकानात बसून इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टरच्या आत फिरणारी आर्मेचरं भरली, म्हणजे तांब्याच्या तारेचा एकेक वेढा मोजून खाचेत बसवला. त्यामुळे मला पक्कं ठाऊक आहे की इंजिन कुणाला घाबरत नसतं. घाबरायची ती माणसं. तेव्हा मी त्याला 'अहो' म्हणायची. आता सांगताना 'तो' म्हणते, कुणाला खटकलं तर खटकू दे.

तो काम शिकला तेच मार खाऊन. बोल्टचा नंबर चुकला की त्याचा वस्ताद पाना फेकून मारायचा, आणि पडलेला पाना उचलून परत वस्तादाच्या हातात द्यायचा तोही यानेच. डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं होतं, वस्तादाने त्यावर लोखंडी झाकण आपटलं होतं. हे सगळं तो हसत हसत सांगायचा. "मारलं म्हणून शिकलो," म्हणायचा. माझं डोकं फिरायचं ते ऐकून. मी भरायचं काम शिकले माझ्या वडिलांकडून, एक चापटही न खाता, आणि मी भरलेलं आर्मेचर जळून परत आलेलं मला आठवत नाही.

त्याच्या पेटीत पाने ढीगभर होते, पण हात पहिला जायचा हातोड्याकडे. गंजलेला बोल्ट, ठोक. अडकलेला पंप, ठोक. स्टार्टर नुसता 'टक' करून गप्प बसला की त्याच्या पाठीत दोन ठोके, आणि तो फिरायचा. जुन्या स्टार्टरला ते चालायचंही. आत झिजलेले कार्बनचे ठोकळे अडकलेले असायचे, ते हादऱ्याने सुटायचे. "ठोकलं की चालतं," हे त्याचं शास्त्र. त्या हातोड्याच्या तोंडाचा एक कोपरा उडालेला होता, त्यामुळे तो जिथे बसेल तिथे एका बाजूने तुटलेला चंद्र उमटायचा. दुकानाच्या दाराला ती खूण होती, लोखंड पकडायच्या शेगड्याला होती, माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीला होती.

मलाही मारायचा. सांगायला लाज कसली, मारणाऱ्याला नव्हती. एकदा मीटर चुकीच्या खणात ठेवला म्हणून त्याने माझ्या डाव्या कानाखाली अशी ठेवून दिली की कानाचा पडदा फाटला. आजही त्या कानाने मला नीट ऐकू येत नाही. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, त्याचा हात तेवढा वाईट, मन लोण्यासारखं आहे." मी म्हटलं, "मग ते लोणी हाताला लावायला सांगा की." आणि खाडीपलीकडे भावाच्या घरी निघून गेले.

पाचव्या दिवशी तो न्यायला आला. भावाच्या दारात मान खाली घालून उभा राहिला. मी एकच अट घातली. हात उचलायचा नाही, माझ्यावर नाही आणि कुणावरही नाही. ज्या दिवशी उचलेल त्या दिवशी मी गेले, सांगायला थांबणार नाही. भाऊ म्हणाला, "तुझ्यापुरतं बोल, जगाचा ठेका कशाला घेतेस?" मी म्हटलं, "दादा, हात एकच आहे. तो आधी दुसऱ्यावर उठतो, मग माझ्यावर." नवरा 'हो' म्हणाला. आणि खरं सांगते, त्याने नऊ महिने पाळलं. राग आला की हात खिशात घालायचा आणि आतल्या आत मूठ वळायचा. पँटीचे खिसे फाटले, मी शिवले. इतक्या आनंदाने मी दुसरं काही शिवलं नसेल.

मग ती सकाळ आली. खाडीतून माणसं नेणारी-आणणारी मोठी बोट धक्क्याला लागलेली, वर चाळीस-पन्नास माणसं कामाला जायच्या घाईत, आणि इंजिन चालू होईना. चावी फिरवली की 'टक', पुढे काही नाही. दोनच महिन्यांपूर्वी माझ्या नवऱ्याने तिला नवा स्टार्टर बसवला होता. बोटीचा मालक म्हणजे नाकावर राग आणि हाताशी दोन आडदांड माणसं. आम्ही पेटी घेऊन बोटीवर पाय ठेवतोय तोच त्याने नवऱ्याच्या मुस्कटात मारली.

"दोन महिने? माझ्या बोटीला दोन महिन्यांचा माल बसवतोस?"

आणि दुसरी मारली. सगळी माणसं बघत होती. मी मालकाकडे पाहिलंच नाही, नवऱ्याच्या हाताकडे पाहत होते. तो हात खिशात गेला आणि खिशातच राहिला. ओठातून रक्त येत होतं, ते त्याने खांद्याला पुसलं आणि म्हणाला, "आधी बघू तर द्या, मालक." मला त्या क्षणी त्याचा इतका अभिमान वाटला की मालकाच्या दोन थपडा मी माफ करायला तयार होते.

बोटीचा ड्रायव्हर, साठीला आलेले काका, इंजिनावरच्या फळ्या उचलून देत होते. खाली इंजिनाच्या खोलीत दोघांना जेमतेम बसता येईल एवढीच जागा. नवऱ्याने बॅटरीला मीटर लावला, बारा पॉइंट सहा व्होल्ट. काकांना चावी फिरवायला सांगितलं, तर काटा धाडकन सातवर. बॅटरी कालच बदललेली, तारांची टोकं घट्ट, पण जाड तार हाताला गरम लागत होती. म्हणजे स्टार्टर करंट खात होता आणि फिरत नव्हता. मग इंजिनच जाम झालंय का ते बघायला त्याने पुढच्या पुलीच्या बोल्टला मोठा पाना लावून ओढलं. इंजिन सरळ फिरलं. दोष स्टार्टरमध्येच होता. असं सगळं शांतपणे, एकेक तपासत तो करू शकायचा, हेही मला सांगायला हवं. तसा तो असता ना रोज, तर मी त्याचे पाय धुऊन पाणी प्यायले असते.

त्याने बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, स्टार्टरच्या तारा काढल्या, दोन बोल्ट सोडून स्टार्टर वर दिला आणि मी तो फळीवर उघडला. उघडणं माझं काम. हा नव्या पद्धतीचा स्टार्टर, हलका. याच्या अंगात तारेच्या कॉइल नसतात, नुसते लोहचुंबक आतून चिकटवलेले असतात, आणि ते काचेइतके ठिसूळ. दुकानदाराने देतानाच मला बजावलं होतं, 'याला ठोकू नका.' मी घरी येऊन नवऱ्याला तेच सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "तू मला शिकवणार?"

झाकण काढलं आणि चुंबकाचे काळे तुकडे माझ्या मांडीवर सांडले. एक तुकडा आर्मेचरमध्ये घुसून बसला होता, त्यानेच ते जाम झालं होतं. मालक वाकून बघत होता. त्याला एवढं कळलं की हे आपोआप होत नाही.

"कुणी ठोकलं याला?"

नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "ड्रायव्हरने ठोकलं असेल. चालू होत नाही म्हटल्यावर ठोकतात हे लोक."

"मी हातसुद्धा लावला नाही, देवाशप्पथ," काका म्हणाले. त्यांचं बोलणं संपायच्या आत मालकाने त्यांच्या नाकावर बुक्की मारली. काका फळ्यांवर बसले. मालकाच्या एका माणसाने त्यांना कॉलर धरून उभं केलं आणि मालकाने दुसरी मारली. हाड मोडल्याचा आवाज माझ्या चांगल्या कानाने मी नीट ऐकला. रक्त फळीवरून ओघळत खाली इंजिनावर पडायला लागलं.

आणि मी स्टार्टरच्या अंगावर बोट फिरवत होते. तिथे रंग उडालेल्या तीन खुणा होत्या, तिन्ही एका बाजूने तुटलेल्या. स्टार्टर जागेवर घट्ट बसत नव्हता तेव्हा माझ्या नवऱ्याने तो ठोकून बसवला होता. चुंबक त्याच दिवशी तडकले, दोन महिने कसेबसे धरून राहिले आणि आज सुटले.

पहिले दोन फटके मी गप्प राहिले. हे मी लपवणार नाही. मनात हिशेब चालला होता तो एवढाच की मी बोलले तर मालक याला मारेल, हा उलट मारेल, आणि माझे नऊ महिने पाण्यात जातील. माझं घर टिकावं म्हणून मी एका म्हाताऱ्या माणसाचं नाक फुटताना पाहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि चोर माझ्या शेजारी हात खिशात घालून उभा होता. मालकाने तिसऱ्यांदा मूठ वळली तेव्हा मला माझीच किळस आली.

"काकांना सोडा," मी म्हटलं. "त्यांनी नाही ठोकलं. ही खूण आमच्या हातोड्याची आहे. यांनी बसवताना ठोकलंय."

आणि पेटीतला हातोडा काढून मी स्टार्टरवरच्या खुणेवर ठेवला. तंतोतंत बसला.

मालकाने नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता त्याची गचांडी धरणार. पण त्याच्याआधी नवऱ्याचा हात खिशातून बाहेर आला. ज्या माणसाने त्याला भर बोटीत दोनदा मारलं त्याच्याकडे तो हात गेला नाही. तो माझ्याकडे आला. बोल्ट सोडलेला छोटा पाना अजून त्या मुठीतच होता. माझा वरचा दात तुटून जिभेवर पडला आणि मी इंजिनाच्या खोलीच्या कडेला आपटले.

"नवऱ्याला चारचौघांत खाली बघायला लावतेस?" तो म्हणाला.

चाळीस-पन्नास माणसं पाण्याकडे बघायला लागली. मालकाचा राग कुठे गेला कोण जाणे, तो घड्याळ बघून म्हणाला, "घरचं भांडण घरी करा. मला बोट चालू हवी." जणू माझ्या तोंडावर बसलेल्या पान्याने त्याचं नुकसान भरून निघालं होतं. काका एक हात नाकाला धरून दुसऱ्या हाताने मला उठवत होते. "वहिनी, कशाला बोललात," ते म्हणत होते आणि रडत होते.

मी दात थुंकला. धक्क्यापासून तीस पावलांवर दुकान, तिथे गेले. मी भरलेला एक जुना, जड, कॉइलवाला स्टार्टर फळीवर तयार ठेवलेला होता, तो कवटाळून आणला. नवरा बोटीतून उतरून धक्क्यावरच्या खांबाला टेकून उभा होता. त्याच्या हातून आता काम होणार नव्हतं. मला बघून तो म्हणाला, "तोंड धुऊन घे आधी." आवाज मऊ झाला होता. मारल्यावर तो असा नेहमीच मऊ व्हायचा, पुढचे आठ दिवस लोणी.

मी खाली उतरले. बसवायची जागा कापडाने पुसली, कारण घाणीमुळेच स्टार्टर घट्ट बसत नाही, ठोकायची गरज नसते. काकांनी वजन पेललं, मी दोन्ही बोल्ट हाताने लावून मग पान्याने आवळले. तारा जोडल्या, बॅटरीची निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. तोंडातलं रक्त हातावर गळत होतं, पाना निसटत होता, पुसून पुन्हा धरत होते. रडू येत होतं ते दुखण्याचं नव्हतं. नऊ महिन्यांचं होतं. मला खरोखर वाटलं होतं हो, की हा बदलला.

काकांनी चावी फिरवली. एका दमात इंजिन चालू झालं. माणसं भराभर जागेवर बसली. मी पेटी बंद केली आणि बोटीतच ठेवली. हातोडा तेवढा उचलून धक्क्यावर त्याच्या पायाशी ठेवला आणि परत बोटीत चढले. काकांनी दोर सोडला.

नवरा खांबापासून पुढे आला. कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्याला वाटलं मी चाचणीसाठी चाललेय.

"दोन फेऱ्या मारून बघ," तो ओरडला, "स्टार्टर गरम होतोय का ते. हात लावून बघ."

"बरं," मी म्हटलं.

पलीकडच्या धक्क्याला बोट लागली, माणसं उतरली. मी फळी उचलून खाली गेले आणि स्टार्टरला हात लावून पाहिला. मग पेटी उचलली.

"काका, त्यांना सांगा, गरम होत नाही," मी म्हटलं, आणि भावाच्या घराची वाट धरली.