बाटलीवरच्या रेघा

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर त्यांचं बरंच सामान वाटून टाकलं. पाण्याची ती एक बाटली मात्र माझ्या हातून सुटत नाही.

आयुष्यभर ते पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुटे भाग मापून बघायचे. रेघ म्हणजे रेघ, केसाचाही फरक चालायचा नाही. संध्याकाळी घरी आले की मल्लेश्वरमच्या आमच्या घराच्या पायरीवर बसून कैरीच्या फोडीला मीठ-तिखट लावायचे. अर्धी फोड त्यांची, अर्धी माझी. काय सुख होतं ते!

पुढे त्यांना बीपी निघालं आणि घरात माझं राज्य आलं. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. एका उन्हाळ्यात त्यांची गोळी बदलली, नव्या गोळीनं लघवी जास्त व्हायची. मी घाबरले. बाटलीवर मार्करनं रेघा मारल्या, दहापर्यंत इथवर, बारापर्यंत इथवर. दिवसाला चार बाटल्या. "सरी, सरी," असं कानडीत 'बरं, बरं' म्हणत अण्णा प्यायला लागले.

आठवड्याभरात त्यांना अन्न नकोसं झालं, डोकं दुखायला लागलं, चालताना तोल जायला लागला. मी म्हटलं, ऊन बाधलंय, अजून प्या. मग एका सकाळी त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात. मी खेकसले, "अहो अण्णा, लहान आहात का तुम्ही?" ते हसले आणि मला 'अक्का' म्हणाले. अक्का ही त्यांची थोरली बहीण, तिला जाऊन कैक वर्षं झाली होती. बाप समोर उभा होता आणि मला ओळखत नव्हता.

रिक्षात घालून इस्पितळात नेलं. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोडियम फार उतरलंय. त्यात ही गोळी, खाणं कमी आणि वर एवढं पाणी."

"मग द्या ना मीठ, पटकन!"

"पटकन नाही. झपाट्यानं वाढवलं तर मेंदूला इजा होते."

गोळी बंद झाली, पाणी मोजकं, सलाईन अगदी हळूहळू, दर काही तासांनी रक्त तपासायचं. मी मेली उतावळी, त्या थेंबांकडे बघत नाही नाही ते नवस बोलले.

तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनी डोळे उघडले. "पोरी, जेवलीस का?" म्हणाले. मला रडू आवरेना, आणि त्यातच रागही आला.

"एवढं पाणी जात नव्हतं, तर नको म्हणायचं नाही का?"

"तहान कुठं होती गं," अण्णा म्हणाले. "पण तू रेघ मारली होतीस ना."