लागलं, जनाब सरहंग!

हेशमत आगांना आयुष्यात सगळ्यात जास्त किळस कशाची आली असेल, तर गोड बोलण्याची. इस्फहानात राहून असली खोड ठेवायची म्हणजे मासळीबाजारात घर घेऊन नाकाला रुमाल लावून हिंडायचं. इथला टॅक्सीवालासुद्धा भाडं विचारलं की आधी "राहू द्या हो, तुमच्यावरून ओवाळून टाकलं" म्हणतो, आणि खरंच राहू दिलं तर गल्लीच्या तोंडापर्यंत शिव्या घालत मागं येतो. ह्याला तारुफ म्हणतात. पाहुण्यानं तीनदा नको म्हणायचं, यजमानानं चारदा घ्याच म्हणायचं, आणि दोघांनाही ठाऊक असतं की ताटात काय उरलंय. आईच्या दुधाबरोबर येतं ते. हेशमत आगांच्या अंगाला मात्र ते कधी लागलंच नाही.

नोकरी त्यांची वाहतूक पोलिसातली. गाडी चालवायची परीक्षा घ्यायचे. अर्धं शहर त्यांच्या हातून नापास झालेलं. कुणी परीक्षेला येताना गझ मिठाईचा डबा घेऊन आलं तर डबा घेत नसत आणि परतही करत नसत, गाडीच्या टपावर ठेवायला लावत आणि म्हणत, "चला, चालवा. पडला तर घरी." हुद्दा फौजदाराच्या आसपासचा, पण लायसन हवं असणारा माणूस समोरच्याला फौजदार कशाला म्हणेल? सगळे "जनाब सरहंग" म्हणत, म्हणजे थेट कर्नल. आगा दरवेळी सांगत, "मी सरहंग नाही." लोक म्हणत, "हा तुमचा मोठेपणा, जनाब सरहंग." शेवटी त्यांनी सांगायचं सोडलं, पण तो शब्द कानावर पडला की तोंड असं व्हायचं जणू उंदीर पडलेल्या हौदातलं पाणी प्यायलेत.

तर असा हा माणूस निवृत्त झाला आणि जावयाच्या तळघरात जाऊन विमानं उडवायला लागला.

जावई बहरंग. त्याच्या तळघरात पाच खुर्च्या, पाच पडदे, विमानाचे दांडे, पेडलं, सगळं मांडलेलं. शुक्रवारी दुपारचं जेवण झालं की मंडळी जमायची आणि संगणकावरच्या आभाळात लढाया करायची. आमच्या डोक्यावरून खरी लढाऊ विमानं जन्मभर गेलीत, त्यामुळे ह्या गावात हा नाद कुणाला पोरकट वाटत नाही. आगा पहिल्यांदा आले ते मुलीनं वरच्या घरातून खाली पिटाळलं म्हणून. बसले आणि अडकले.

अडकायचं कारण एकच, रडारवालं क्षेपणास्त्र. त्याच्या दोन जाती. पहिली जुनी. अंधारात चोरावर बॅटरी मारून धरावी, तसं तुम्ही आपल्या रडारचा झोत शत्रूवर धरायचा. त्या झोताच्या मागानं क्षेपणास्त्र जातं. ते जाऊन लागेपर्यंत नाक तिकडंच हवं. हात हलला, झोत सुटला, की क्षेपणास्त्र आंधळं. दुसरी जात नवी. तिच्या नाकातच छोटं रडार असतं. थोडा रस्ता दाखवला की पुढचं तिचं ती बघते, तुम्ही पाठ फिरवून पळायला मोकळे.

आगांनी नवी जात एकदा वापरून पाहिली. "शी," म्हणाले. "हे म्हणजे भिंतीपलीकडं दगड भिरकावून पळायचं. कुणाच्या टाळक्यात बसला ते बघायचं नाही." तेव्हापासून ते बॅटरीवालंच लावत. शेवटपर्यंत बघत बसायचं हे त्यांच्या जन्माचं काम. ते त्यांना जमणारच, असं त्यांना वाटायचं.

आणि जमतच होतं की! कुणी कुणाला मारलं हे पडद्यावर लिहून येणं ह्या मंडळींनी बंद ठेवलं होतं, खऱ्यासारखं वाटावं म्हणून. सगळं आभाळ दिसायचं ते फक्त बहरंगला. तो कोपऱ्यातल्या मोठ्या पडद्यासमोर बसायचा आणि हेडफोनमधून सांगायचा, कोण कुठून येतंय, कुणाचं लागलं, कुणाचं चुकलं. आगांनी "सोडलं" म्हणायचं, नाक धरून ठेवायचं, आणि थोड्या वेळानं कानात यायचं, "लागलं, आगाजान! हात दुखू नयेत तुमचे!"

रमझान सरला, द्राक्षं आली, आणि आगा तळघरातले सगळ्यात नामी नेमबाज झाले.

मग तब्रीजच्या मंडळींशी सामना ठरला. चार विरुद्ध चार. आपले चार म्हणजे औषधदुकानवाला कामबीज, त्याचे दोन मित्र आणि कामबीजची बहीण सूदाबे. सूदाबे दातांच्या कवळ्या बनवते. चाळिशीची, एकटी, तोंडाची फटकळ. ती कुठल्याही दिवशी त्या तिघांना एका हातानं पाडेल, हे तिघांनाही ठाऊक. पण आता सरहंगांना बाहेर कसं ठेवायचं?

"सूदाबेजान," बहरंग म्हणाला, "ह्या खेपेला सरहंगांचा मान ठेवू या. तुझं मन मोठं आहे."

"माझं मन मोठं नाही," सूदाबे म्हणाली. "जागा मला द्यायची नाहीये. तुम्ही घेताय. तसं बोला ना."

"काय ही बोलणी, बाई!" कामबीज ओशाळून हसला. "जनाब, मनावर घेऊ नका. तुम्ही हिला चारदा नापास केलंय, त्याचा राग आहे."

"पाचव्यांदाही केलं असतं," आगा म्हणाले. "गाडी मागं घेताना मान वळवत नव्हती."

सूदाबेनं चादोर सावरली आणि जिना चढून गेली. आगांना वाईट वाटलं नाही. जागा आपण कमावलीय, असंच त्यांच्या मनात होतं. लागलं म्हणजे लागलं.

सामना आठवड्यावर आला, त्या शुक्रवारी सराव चालला होता. जायंदेरूद नदी कोरडी ठाक, वारा सुटला की पात्रातली माती घरोघर. आगांनी समोरच्या सरावाच्या विमानावर झोत धरला, "सोडलं" म्हणाले, आणि त्याच क्षणी नाकात माती गेली. शिंक अशी आली की दांडा हातासकट मांडीवर आपटला. विमान पाक उलटं झालं. पडद्यावरची शत्रूभोवतीची चौकट गेली, शत्रू गेला, समोर नुसतं वाळवंट. बॅटरी विझली. क्षेपणास्त्र तर अजून अर्ध्या वाटेवरही नसेल.

"लागलं, आगाजान! काय हात, काय हात!"

"सरहंग, तुमच्या डोळ्यांना दृष्ट लागू नये!" हा कामबीज, मागच्या विमानातून.

आगांनी रुमालानं नाक पुसलं. विमान सरळ केलं. दुधात केस दिसल्यावर बघावं, तसं त्यांनी पडद्याकडं पाहिलं.

पुढचं विमान आलं. आगांनी झोत धरला. बोट चापावर नेलं, आणि चाप न दाबताच म्हणाले, "सोडलं."

पंखाखाली क्षेपणास्त्रं जशीच्या तशी लटकत होती. आगा त्यांच्याकडं बघत बसले. कुणीतरी सांगावं, जनाब, तुमचं सुटलंच नाही. कुणीतरी हसावं. एवढंच ते मागत होते.

"लागलं!" बहरंग ओरडला. "वाहवा, आगाजान!"

"तब्रीजवाले मेले समजा!" कामबीज म्हणाला. "सरहंग, मी तुमच्या पायाची धूळ!"

आगांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. आवाज न करता. मग उठून बहरंगच्या मोठ्या पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. तिथं सगळं दिसतच होतं. त्यांच्या मागं कामबीजचं विमान, कामबीजच्या पंखाखालून सुटलेली नव्या जातीची धुराची रेघ, आणि तिच्या टोकाला जळत पडणारं विमान.

"मी चाप ओढलाच नव्हता," आगा म्हणाले.

बहरंगचा चेहरा कणकेसारखा पडला. "आगाजान, ते... कामबीजनं जरा मदत..."

"कधीपासून?"

"तुमच्या मनासाठी हो. तुम्ही पहिल्या दिवशी किती हिरमुसला होता! मग म्हटलं, एखादं..."

"एकतरी माझं होतं का?"

कामबीज, त्याचे दोघे मित्र, बहरंग, सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आणि मग त्या जावयानं तोंड उघडलं. उघडलं नसतं तर बरं झालं असतं.

"सगळीच तुमची, आगाजान. आमचं जे आहे ते तुमचंच."

आगांचा हात आपसूक तोंडावर गेला. खरंच ओकतात की काय असं वाटून एकजण बाजूला सरला. "लहान पोराला भरवतात तसं," आगा म्हणाले, "तुम्ही घास चावून चावून माझ्या तोंडात घालत होता. आणि मी मिटक्या मारत होतो. तुमची थुंकी, रे! चार महिने मी तुमची थुंकी गिळतोय!"

"जनाब, असं नका..."

"जनाब म्हणू नको!"

जिन्यावरून मुलगी ताट घेऊन खाली येत होती. दूघचे, म्हणजे ताकाचे, पेले आणि वर पाकातले गोड गूशफील, वडलांना आवडतात म्हणून. आगा तिच्या बाजूनं भिंतीला घासत वर गेले. ताटाकडं त्यांनी पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सूदाबेच्या कामाच्या जागी गेले. ती कुणाची तरी कवळी घासत बसली होती. पांढरी भुकटी उडत होती.

"तुला माहीत होतं?" आगांनी विचारलं.

"सगळ्यांना माहीत होतं. माझ्या आईलासुद्धा. तिला तर विमान म्हणजे काय तेही कळत नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?" तिनं कवळीवर फुंकर मारली. "आणि खरं सांगू? मजा येत होती. तुम्ही फुगत होता ना, तेव्हा फार छान दिसायचा. बेडकासारखे."

हे ऐकून आगांना चार महिन्यांत पहिल्यांदा तोंडाची चव जाग्यावर आल्यासारखं वाटलं. "माझ्याशी एकटी लढशील? आजच. सामन्याच्या सरावाला कुणी यायच्या आत."

"मी तारुफ करणार नाही."

"म्हणून तर तुझ्याकडं आलो."

"आणि कपाळावर मारीन. रडायचं नाही."

"बोलतेस फार. येतेस का?"

संध्याकाळी दोघं तळघरात बसले. सूदाबेनंही बॅटरीवालंच घेतलं, बरोबरीची लढत व्हावी म्हणून. दोन विमानं समोरासमोर निघाली. आगांनी आधी झोत धरला, आधी सोडलं. नाक घट्ट धरून ठेवलं. सूदाबेनं तोंडातली साखरेची चकती चघळत विमान एकदम आडवं घातलं. समोरून येणारं विमान रडारला स्वच्छ दिसतं. काटकोनात आडवं गेलं की खालच्या डोंगरात मिसळून जातं. आगांच्या पडद्यावरची चौकट विझली. ती शोधेपर्यंत सूदाबे वळून आली होती, झोत धरून बसली होती.

"मेलात," ती म्हणाली.

पुन्हा निघाले. पुन्हा आडवी गेली. आगांना आता कळत होतं ती काय करतेय, पण कळणं आणि हाताला येणं ह्यात आख्खा डोंगर होता.

"मेलात. अहो, चौकट गेल्यावर गाढवासारखे सरळ काय येता? वळा ना!"

तिसऱ्यांदा आगांनी ठरवलं, काही झालं तरी झोत सोडायचा नाही. तिचं क्षेपणास्त्र येताना दिसत होतं, धोक्याची घंटी कानात बोंबलत होती, तरी वळले नाहीत. दोन्ही क्षेपणास्त्रं एकमेकांना ओलांडून गेली. पडदा लाल झाला.

"माझं... जवळ होतं?" त्यांनी विचारलं. विचारल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

सूदाबेनं मोठ्या पडद्याकडं मान वळवून पाहिलं. "नाही. लांबून गेलं. तुम्ही मेल्यावर तर आणखीच भरकटलं."

"बरं."

"हाताला ताकद फार लावता. आणि रागात उडवता."

"बरं, म्हटलं ना."

जिन्यावर पावलं वाजली. बहरंग आणि कामबीज खाली आले, हातात गझचे डबे, तोंडावर तयार करून आणलेलं हसू. "आगाजान, क्षमा करा, आम्ही तुमची लेकरं..."

"तब्रीजच्या सामन्यात सूदाबे उडवणार," आगा म्हणाले.

"छे छे, असं कसं! सूदाबे स्वतःच म्हणेल, तुम्ही असताना..." कामबीजनं बहिणीकडं पाहिलं. रीत अशी की तिनं तीनदा नको म्हणावं, मग सगळ्यांनी आग्रह करावा, मग सरहंगांनी मान डोलवावी आणि गझ खावा.

"हो, मीच उडवणार," सूदाबे म्हणाली आणि खुर्ची पुढं ओढून घेतली.

आगा उठले. बहरंगच्या मोठ्या पडद्यापुढच्या खुर्चीत जाऊन बसले आणि त्याचा हेडफोन कानाला लावला.

"आगाजान, तिथं मी बसतो..."

"आजपासून नाही."

"मग मी काय करू?"

"ते डबे उचल आधी. वास येतोय."

कामबीजचे दोघे मित्रही आले. सराव सुरू झाला. आगांना आता सगळं आभाळ दिसत होतं, प्रत्येकाचं विमान, प्रत्येकाची धुराची रेघ, आणि कोण किती लवकर पाठ फिरवतो तेही. कामबीजनं लांबूनच सोडलं आणि पळायला लागला.

"सोडलं!" त्याचा आवाज कानात आला. मग थोडा वेळ गेला. "जनाब? लागलं का?"

"चुकलं."

"जवळून तरी गेलं असेल?"

"चुकलं. तुझ्या मागं एक लागलंय. डावीकडं वळ."

"पण मला तर वाटलं की..."

"वळ, गाढवा!"

कामबीज अजून आपलं क्षेपणास्त्र कसं चुकलं ह्याचाच विचार करत होता. पडद्यावर त्याचा ठिपका लुकलुकला आणि गेला.

"मेलास," आगा म्हणाले.